निशाणी मायची, बकलम माझं

मायच्या उजव्या हाताचा अंगठा सतरा वेळा ठेवून झाला होता. फोनच्या पडद्यावर बोटाच्या ठशाचं एक चित्र असतं. बोट ठेवावं, उचलावं, पुन्हा ठेवावं. दर ठेवणीला त्यातल्या दोन-चार रेषा रंगत जातात आणि चित्र भरलं की काम झालं. मायचं चित्र काही भरेना. एखादी रेष यायची, की फोन थरथरायचा आणि सेन्सर पुसून घ्या म्हणायचा. मी सेन्सर पुसला. मायनं अंगठा लुगड्याला पुसला. मग डावा अंगठा झाला, दोन्ही हातांची पहिली बोटं झाली. शेवटी ती वैतागून म्हणाली, "आरं, त्याला सांग की, मीच हाय म्हणून."

भाऊबिजेचा दिवस होता. बहीण पुण्याहून आली नव्हती, म्हणून तर फोन घेतला होता. नातवंडांची तोंडं दिसावीत, एवढाच हिशोब. फोन साधा, सेन्सर बाजूच्या बटणात. तो बटणाएवढाच असल्यामुळं बोटाची एक चिरोटी त्याला दिसते, अशा दहा-पंधरा चिरोट्या जोडून तो ठसा समजून घेतो. बोटाच्या कातडीवर उंचवटे आणि चऱ्या असतात. उंचवटा सेन्सरला टेकतो, चरी टेकत नाही, आणि त्या फरकानं खालचा विजेचा भार ठिकठिकाणी कमी-जास्त होतो. त्यावरून नकाशा तयार होतो. पण त्यासाठी उंचवटे तरी असले पाहिजेत, आणि कातडी थोडी ओलसर पाहिजे.

मायच्या बोटांचं काय सांगू. आमचं गाव वसमत तालुक्यातलं. जिल्हा आता हिंगोली, माझ्या शाळेच्या दाखल्यावर मात्र अजून परभणी आहे, कारण हिंगोली वेगळा झाला १ मे १९९९ ला. या पट्ट्यात कापूस आणि हळद. वेचणीला बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी लागतात, एका दिवसात बोटांची शेंडं चिरून जातात. हळद काढणीला मातीतून निघालेले गड्डे हातानं मोडायचे, बगलेची हळकुंडं वेगळी करायची. त्यातून उरलेला वेळ राखेनं भांडी. पंचेचाळीस वर्षं. तिच्या अंगठ्यावर मी उजेडात नीट पाहिलं तेव्हा मला रेषा दिसल्या नाहीत, चिरा दिसल्या. उन्हाळ्यातल्या काळ्या वावरासारख्या.

मी तात्पुरतं म्हणून माझं बोट लावलं. पहिल्या फटक्यात चित्र भरलं. दिवसभर एसीत बसून कीबोर्डवर चालणारं बोट, त्याला काय होतंय. पिनही मीच टाकला, माझ्या मोटरसायकलचे चार आकडे. धाकट्या भावाच्या बायकोचं एक बोट लावून ठेवलं, म्हणजे घरात कुणीतरी उघडून देईल. आणि तात्पुरतं ते तसंच राहिलं.

तोंडाचं कुलूपही करून पाहिलं होतं, नाही असं नाही. महागड्या फोनात चेहऱ्यावर न दिसणाऱ्या उजेडाचे ठिपके टाकतात. ॲपलनं २०१७ साली ते आणलं तेव्हा तीस हजारांहून जास्त ठिपके असं सांगितलं होतं, आणि त्यावरून नाकाडोळ्यांचा उठाव मोजला जातो. आमच्या फोनात नुसता समोरचा कॅमेरा. पहाटे पाचला चुलीपुढं, डोक्यावर पदर घेतलेली बाई त्याला कशी ओळखू यावी? शिवाय असल्या साध्या कॅमेऱ्याला कधी कधी फोटोही चालून जातो. ते मी बंद केलं.

आता जरा मागं जातो.

२०२३ च्या हिवाळ्यात मराठवाड्यात घरोघर पेट्या उघडल्या गेल्या. कुणबी नोंदी शोधायला सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती आणि निजामाच्या काळातला जो कागद सापडेल तो लोक घेऊन पळत होते. आमच्या पत्र्याच्या पेटीतही एक निघाला. उर्दूत. आमच्या घरात उर्दू कुणाला येणार? नांदेडला एक निवृत्त उर्दू शिक्षक लोकांना कागद वाचून देत, त्यांच्याकडं नेला. त्यांच्या ओट्यावर माझ्यापुढं अकरा जण होते, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत आजा-पणजा.

आमच्या कागदात नोंद नव्हतीच. तो सावकाराचा कर्जरोखा होता. सन १३५० फसली. निजामाच्या राज्यात फसली सन चाले. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९४०-४१. साठ रुपये हाली सिक्का, म्हणजे निजामाचं नाणं. खाली दोन साक्षी. आणि एका कोपऱ्यात शाईचा निळसर काळा डाग, तो माझा आजा.

गुरुजी बोट फिरवत वाचत होते, डागापाशी आल्यावर म्हणाले, "निशाणी अंगठा, बकलम..." आणि पुढं लिहिणाऱ्याचं नाव. बकलम हा शब्द ऐकून मी दचकलो, कारण तो आपल्याही जुन्या कागदांत भेटतो. ज्याला लिहिता येतं त्याच्या नावापुढं दस्तुरखुद्द. ज्याला येत नाही त्याची निशाणी, आणि ती निशाणी कुणाची हे ज्यानं लिहिलं त्याचं बकलम, म्हणजे त्याच्या कलमानं. त्याच्याही आधीच्या मराठी कागदांत तर अंगठासुद्धा नसे, पाटलाच्या नावाखाली नांगराचं चित्र काढत, निशाणी नांगर. मला ते चित्र अंगठ्यापेक्षा आवडतं. निदान त्यात माणूस काय करतो ते तरी होतं.

मी तो डाग भिंगाखाली धरला. त्यात एकही रेष नव्हती. शाई जास्त लागलेली, अंगठा दाबून फिरवलेला, नुसता बत्तासा. म्हणजे तो अंगठा कुणी कधी जुळवून बघणार नव्हतंच. सावकाराला ठशाची गरज नव्हती, आज्यानं चार माणसांदेखत हात काळा केला हे त्याला पुरे होतं.

हे पुढं वाचताना कळलं की या सगळ्याची सुरुवातच तशी आहे. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा इंग्रज अधिकारी होता. रस्त्याच्या खडी-मुरुमाचा करार राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी करताना त्यानं कागदाच्या मागं कोनाईचा अख्खा पंजा उमटवून घेतला. कशासाठी? ओळखीसाठी नव्हे. पुढं ही सही माझी नाहीच असं कोनाईनं म्हणू नये, त्याच्या मनात भीती बसावी म्हणून. हर्शेलनं हे स्वतःच लिहून ठेवलंय. दोन माणसांचे ठसे सारखे नसतात आणि ते वयानं बदलत नाहीत, हे त्याला नंतर, वर्षानुवर्षं ठसे जमवून पटलं. मग १८९७ साली कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. तिथं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी ठशांची वर्गवारी बसवली, आणि ती पद्धत जगभर गाजली ती त्यांच्या साहेबाच्या, हेन्रीच्या नावानं. बकलमच की हेही, फक्त उलटं. लिहिलं यांनी, नाव त्याचं.

आमच्या गावाकडं अंगठा ही शिवी होती. अंगठेबहाद्दर. मायला सासरी आल्यापासून ती पुरली. नव्वदच्या दशकात साक्षरतेचे वर्ग निघाले, जिल्हा परिषदेच्या शाळेत रात्री कंदिलाखाली. मी तेव्हा कॉलेजात, सुट्टीला आलो की तिच्या पाटीवर तिच्या नावाची अक्षरं काढून द्यायचो. तिच्या नावात एक जोडाक्षर आहे, त्यावर तिचे दोन महिने गेले. दिवसभर रोजंदारी करून आलेल्या बायका, पेन्सिल खुरप्यासारखी मुठीत धरायच्या. माय वर्गात बसून बसून डुलक्या घ्यायची, पण गेली नाही असा दिवस नाही. पुढं बचत गट निघाला आणि तिनं पहिल्यांदा रजिस्टरात सही केली तेव्हा शाईचा पॅड पुढं सरकवणाऱ्या बाईला ती म्हणाली होती, "ते ठिव तिकडं." हे मला नंतर सगळ्या गल्लीनं सांगितलं.

म्हणून रेशन दुकानात मशीन आलं तेव्हाचा तिचा संताप मला समजतो. आधारचा पहिला क्रमांक आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला दिला गेला. आमच्याकडं शिबिर आलं तेव्हा दहाही बोटं आणि दोन्ही डोळे घेऊन गेले. जन्मतारीख कुणाला सांगता येईना, तर गावातल्या निम्म्या बायका १ जानेवारीला जन्मल्या. मायसुद्धा. आणि मग धान्याला अंगठा. लोक त्याला थम म्हणतात, "थम येईना गेलाय." दुकानदार सांगायचा, केसावरून बोट फिरवा, ओल्या फडक्याला पुसा, करंगळी लावून बघा. ही त्याची गंमत नव्हती. कमी वापरलेलं बोट जास्त शाबूत असतं आणि कोरड्या कातडीला थोडं तेल-पाणी लागतं, दोन्ही खरं आहे. पण माय काउंटरवर उभी राहून म्हणाली, "मला सही येती. कागुद द्या." रांग हसली.

मधे तिचा पाय मुरगळला, दोन महिने बाजेवर होती. वावर नाही, भांडी नाहीत. उठून रेशनला गेली तर थम पहिल्या झटक्यात आला. यात चमत्कार काही नाही. ठशाचं मूळ कातडीच्या आतल्या थरात असतं, आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून ते घडत जातं, जुळ्यांचंही वेगळं असतं, आणि वरचं झिजलं तरी हाताला विसावा मिळाला की तीच नक्षी परत वर येते. मी हे तिला समजावून सांगायला लागलो तर ती म्हणाली, "म्हंजी रिकामं बसलं की माणूस वळखू येतंय."

पुढच्या वेचणीत ती पुन्हा अनोळखी झाली.

तर असं असताना तिच्या फोनात माझं बोट. मी आठ-पंधरा दिवसांनी संभाजीनगरहून गावी जायचो, फोन हातात घ्यायचो, उघडायचो, फालतू मेसेज काढून टाकायचो, कुणाकुणाचे फोन आले ते बघायचो. मला ते सेवेसारखं वाटायचं. एकदा मला ऑफिसात मीटिंगमधे फोन आला, भावजयीच्या फोनवरून. मायचा फोन उघडेना, आकडे मागतोय. फोन बंद होऊन चालू झाला की पहिल्यांदा पिनच लागतो, बोट चालत नाही. अँड्रॉइड फोन मधेमधेही, साधारण तीन दिवसांत एकदा, पिन मागतात. म्हणजे ज्यांनी हे कुलूप केलंय त्यांचाच बोटावर पुरता भरवसा नाही. बोट ही सोय आहे, त्याच्यामागं खरं कुलूप आकड्यांचंच. मी दबक्या आवाजात चार आकडे सांगितले. पलीकडून माय म्हणाली, "ह्ये कशाचे आकडे हायेत?" मी म्हटलं, माझ्या गाडीचे. ती काही बोलली नाही.

बोटावर भरवसा नसायला कारणं आहेत. २०१३ साली आयफोनमधे ठशाचा सेन्सर आला आणि काही दिवसांतच जर्मनीतल्या केऑस कॉम्प्युटर क्लबच्या मंडळींनी काचेवर उमटलेल्या ठशाचा फोटो घेऊन, त्यावरून पातळ खोटं बोट करून तो उघडून दाखवला. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच एकानं जर्मनीच्या संरक्षणमंत्री बाईंच्या अंगठ्याचा ठसा त्यांच्या जाहीर कार्यक्रमातल्या फोटोंवरून तयार केला. पासवर्ड निदान मनात तरी असतो. बोट आपण उघडं घेऊन हिंडतो, चहाच्या कपावर, एसटीच्या दांडीवर ठेवून येतो. आणि फुटलं तर पासवर्ड बदलता येतो. बोटं दहाच.

फोनच्या बाजूनं एक सांगायला पाहिजे. तो ठशाचं चित्र ठेवत नाही, त्यावरून काढलेली आकड्यांची खूण ठेवतो, तीही प्रोसेसरच्या एका बंद कप्प्यात. ती फोनबाहेर जात नाही, जुळवाजुळव आतल्या आत होते. आधारचं तसं नाही, तिथं ठसा दूरच्या साठ्याशी जुळवला जातो. म्हणून फोन चोरणाऱ्याला तुमचं बोट लागतं, पण आधारवरून पैसे काढणाऱ्या ठगाला आधार क्रमांकासोबत बोटाची नक्कल पुरते, तुमचा फोन नसला तरी चालतो. २०१८ साली शेजारच्या तेलंगणात एका सिमकार्ड विकणाऱ्यानं नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरून जमिनीचे दस्त उतरवून घेतले आणि त्यावरच्या अंगठ्यांचे रबरी ठसे पाडले. नंतर ठिकठिकाणी असल्या नकली अंगठ्यांनी लोकांच्या खात्यातले पैसे गेले. आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं, लागेल तेव्हा उघडायचं. मी घरातल्या सगळ्यांचं केलंय, तुम्हीही आजच करा. मायचं केलं तेव्हा मनात आलं की आज्याचा तो बत्तासा किती सुरक्षित होता. त्यातून कुणाला काही पाडता आलं नसतं.

मग चैत्रातली ती रात्र. हळदीची पट्टी नुकतीच झाली होती, वसमतच्या मोंढ्यातून पैसे मायच्या खात्यात आले होते. मालक तीच, सातबारा तिच्या नावावर. ट्रॅक्टरवाल्याचे बारा हजार द्यायचे राहिले होते, तो मला दोनदा बोलला होता. माय झोपलेली. तिचा फोन उशाशी. मी बोट टेकवलं, फोन उघडला. पैशाचं ॲप, तेही बोटानं उघडलं. यूपीआयचा पिन मीच टाकलेला. बारा हजार पाठवले, फोन परत उशाशी ठेवला. एका मिनिटाचं काम. चोरी म्हणाल तर नाही, देणं तिच्याच वावराचं होतं.

सकाळी बँकेचा मेसेज तिनं बघितला. इंग्रजी येत नाही, आकडे येतात. शेजारच्या पोरीकडून वाचून घेतला. मी आंघोळ करून आलो तर माय ओसरीवर फोन मांडीत घेऊन बसलेली.

"बारा हजार कुणी धाडले?"

मी सांगितलं. ट्रॅक्टर, नांगरटी, दोनदा बोलला, सगळं.

"देयाचेच व्हते. पर मला इचारलं का?"

"तू झोपली होतीस, माय."

"निजल्यालं माणूस उठवता येतंय की."

मी बराच वेळ काहीबाही बोललो असेन. पैसे कुठं जात नाहीत, ट्रॅक्टरवाल्याचा निरोप दाखवतो, वगैरे. ती ऐकत होती असं वाटत नाही. मला मात्र एकदम तो उर्दू कागद आठवला. आज्याच्या डागाशेजारी निदान लिहिणाऱ्याचं नाव होतं, दोन साक्षी होत्या, आणि आजा जागा होता. इथं बँकेच्या लेखी सगळं मायनंच केलं होतं. बोट पटलं, पिन पटला, व्यवहार पूर्ण. बकलम लिहायला कुठं जागाच नव्हती. बोट कुणाचं आहे तेवढं फोनला कळतं. त्या बोटामागचा माणूस हो म्हणतोय का, हे त्यानं कधी विचारलेलं नसतं. अगदी मायचा अंगठा उमटत असता तरी काय झालं असतं? झोपलेल्या माणसाचा हात उचलायला जोर लागत नाही.

"तुपलं बोट काढ मपल्या फोनातून," माय म्हणाली.

"अन् मग उघडणार कसा? तुझा अंगठा येत नाही."

"आकडे येत्यात की मला."

मी सेटिंगमधे गेलो. ठशांच्या यादीत दोन नावं होती, दोन्ही मीच दिलेली. मालकिणीचं नाव यादीत कुठंच नव्हतं. माझं काढलं. भावजयीचं काढू का विचारलं, तर म्हणाली, तिला मी सांगते. तिनं स्वतः सांगितल्यावर दुपारी तेही निघालं. यूपीआयचा पिन नव्यानं बसवायला डेबिट कार्ड घेतलं. ते तिनं कणगीमागच्या डब्यातून आणलं, कार्डावरचे शेवटचे आकडे स्वतः वाचून दाखवले आणि कार्ड लगेच परत नेऊन ठेवलं.

राहिला फोनचा पिन. जुना टाकून मी नव्याच्या पानावर आलो, फोन तिच्या हातात दिला. म्हटलं, वाढदिवस टाकू नकोस, एक-दोन-तीन-चार टाकू नकोस. "मला कुठं हाय वाढदिस," ती म्हणाली. मग थोडं थांबून तिनं माझ्याकडं बघितलं. मी तसाच शेजारी बसून होतो, पडद्यात डोकं घालून.

तिनं फोन उचलला, पदर पुढं ओढून त्याच्यावर आडोसा केला आणि एका बोटानं, सावकाश, पाटीवर गिरवायची तसं, आकडे दाबायला लागली. पहिल्यांदा चुकले. दुसऱ्यांदा पुन्हा तेच टाकायचे असतात, ते विसरून वेगळे टाकले. मी सांगायला तोंड उघडलं.

"तू तिकडं बघ," माय म्हणाली.

मी अंगणाकडं तोंड केलं. शेवग्याच्या शेंगा वाळून खडखडायला लागल्या होत्या. मागं एकेक बटण वाजत होतं.